आक्काला दिसलेलं शहर

कुठली कादंबरी भारी यावर मघापासून भांडताय, तर आमच्या आक्काचं ऐका. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मालवणात शिक्षिका होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचन बंद केलं, म्हणून मी तिला वाचून दाखवायला बसलो. काढली माझी आवडती फॅन्टसी. ड्रॅगन, लढाया, सगळं दणक्यात. चार पानांतच आक्का म्हणाली, "माका ह्या नको रे. तुझा ता समुद्राखालच्या शहराचा वाच."

ते पुस्तक मी कंटाळून अर्ध्यात सोडलं होतं. पानोपानी गल्ल्यांची वर्णनं! पण तिच्यासाठी वाचत राहिलो.

एका संध्याकाळी घसा सुकला म्हणून थांबलो, तर आक्का डोळे मिटून स्वतःच पुढे सांगायला लागली. "ह्या गल्लीच्या टोकाक एक खिडकी आसा. थंय एक बाय दिवो घेवन उभी आसा. तिचो घोव अजून परत येवक नाय."

मी घाईने पुढची पानं चाळली; ना दिवा घेतलेली बाई, ना तिचा नवरा. "आक्का, पुस्तकात असा काय नाय गो."

"नसांदे. माका दिसता."

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मगे? इलो तो?"