एका शेअरचा मालक

हसू नका, पण मी शेअर घेतला तो नफ्यासाठी नव्हेच. मुलगा परदेशी गेल्यापासून बदलापूरच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही. एक जरी शेअर असला तरी कंपनीच्या वार्षिक सभेत मोबाईलवरून बोलता येतं, असं कळलं. लगेच नाव नोंदवलं. इंग्रजीत प्रश्न पाठ केला; ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणायचं की ‘अ‍ॅडव्हाइज’, यात अख्खी सकाळ गेली.

माझा नंबर आला. निवेदिका म्हणाली, “बोला सर, सगळे ऐकतायत.”

सगळे ऐकतायत म्हटल्यावर पाठ केलेलं पार विसरलो. तोंडातून निघालं, “जेवलात का?”

चेअरमन मराठी निघाले. हसून म्हणाले, “हो काका. तुम्ही?”

“अजून नाही,” म्हटलं, आणि पुढे काही विचारतील म्हणून थांबलो. तेवढ्यात पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

परवा आणखी तीन कंपन्यांचा एकेक शेअर घेतला.