भागाबाईच्या लाडवातली पुडी

नाही, बसा तुम्ही, पण आधी सांगा, मेथीचा लाडू खाऊन कुणाचं करिअर बुडाल्याचं ऐकलंय कधी? माझं बुडालं. मी नवल, दोंडाईचाचा, सायकलपटू, राज्याच्या शर्यतीत पहिला, आणि महिना होत नाही तो टीव्हीवर माझा फोटो, खाली लाल पट्टीत 'डोपिंग'... अहो, लाडू होता तो, लाडू.

झालं काय, माझी आई भागाबाई, तिचे गुडघे दुखायचे. बाजारातल्या एका वैदूनं पुडी दिली आणि बाई धडाधड जिना चढायला लागली. पुडीत स्टेरॉइड आहे हे तिला कोण सांगणार? तिच्या मनात आलं, पोरगं दिवसभर पायडल मारतंय, त्याचेही गुडघे दुखत असतील, दिली लाडवात कालवून. मायेनं हो. मी खाल्ले, जिंकलो, लघवी तपासली, सापडलं.

दिल्लीला सुनावणी. आई डबा घेऊनच आली, साहेबांपुढं ठेवला, "पुडी मीच टाकेल शे, साहेब. मन्हा पोऱ्या चोर नही शे. खाई देखा." एकानंही हात लावला नाही. वर मला म्हणतात कसे, "पोटात गेलं ना? मग जबाबदार तुम्हीच." दोन वर्षं बंदी! आणि माझ्या आधी आत गेलेला तो मोठ्या संघाचा पठ्ठ्या, तेच औषध, सोबत वकिलांची फौज, तो नुसती ताकीद घेऊन शिट्टी वाजवत बाहेर. त्याला म्हणे दमा. दम्याला माफी, आईला नाही, हा कुठला न्याय? तोंडावर विचारलं मी, घाबरतो की काय... लाडू होता तो, लाडू.

गावात तर विचारू नका. शेजारचे सुपडू नाना, ज्यांनी मला सायकल शिकवली, तेच चहाच्या टपरीवर, "तरीच म्हटलं, एवढा चढ हा चढतो कसा." आणि मग मला हळूच बाजूला घेऊन, "नवल, दोन लाडू मलाही दे ना, कंबर धरलीय."

म्हटलं, थांबा, दाखवतोच. बंदी संपली, धुळे-जळगाव शर्यत लागली, मी स्वतःच्या हातानं वरण-भात शिजवून खाल्ला, आई तोंड पाडून दारात उभी, पण नाही म्हणजे नाही. पहिला आलो. तपासणीत काही म्हणजे काही नाही. तो रिपोर्ट घेऊन तडक टपरीवर, नानांना म्हटलं, वाचा, मोठ्यानं वाचा.

नानांनी चष्मा लावला, सगळा वाचला, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पाठ थोपटली माझी. म्हणाले, "शाब्बास. आता सापडतसुद्धा नाही, अशी पुडी आणली बाईनं."

घरी आलो, आईला म्हटलं, दे नानांना दोन लाडू. साधे, नुसत्या मेथीचे.

आता गावभर सांगत फिरतायत, कंबर एकदम मोकळी झाली.