फितुराच्या खिंडीतला शिलेदार

ऐका, ऐका! आणि तो मोबाईल खाली ठेव रे, उजेड नकोय. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत झालंय. गुणाजीमामाच्या.

मामाकडे एक घोडी, मैना. लग्नात नवरदेवाला बसवायला भाड्यानं द्यायचा, त्यावर घर चालायचं. मैना गेली की मामा संपला! तर एकदा सकाळीच पलीकडच्या गावचा नवरदेव मारुतीला निघणार होता, आणि टेम्पोवाल्यानं आदल्या संध्याकाळी ऐनवेळी टांग मारली. मामा म्हणाला, चालतच नेतो. मामी ओरडली, "अवं, अंधार पडलाय, खिंडीतनं नका जाऊ!" ऐकतोय कोण?

आता खिंडीत काय, तर दगडांचा हाऽ एवढा ढीग. खाली म्हणे कुणी भैरोजी शिलेदार गाडलाय, जुन्या काळातला. आपल्याच सरदारावर उलटला, फितूर झाला. म्हणून येणारा-जाणारा एक धोंडा उचलणार, ढिगावर हाणणार, "थू फितुरा!" म्हणणार. का? ते कुणालाच माहीत नाही! आजा मारायचा म्हणून नातू मारतो.

मामानंही मारला. खण्ण!

अरे, दगडावर दगड पडला तर खण्ण वाजतं का? मामा चरकला. तेवढ्यात मागून पावलं. जड. आणि पावलागणिक खडखडाट, कुणी पोत्यात दगड भरून ओढतंय जणू. मामा थांबला, पावलं थांबली. मामा पळाला, पावलं पळाली! पळतोय, पळतोय, आणि समोर बघतो तर काय? तोच ढीग! परत पळाला. परत तोच ढीग!

आणि मैना मटकन खाली बसली. पाठीवर कोण? चिलखत घातलेला गडी. तोंडाच्या जागी नुसता अंधार. चिलखत गच्च फुगलेलं, कड्या ताणलेल्या, आणि आत... दगड. लोकांनी मारलेला एकूण एक दगड!

"उतरा वो," मामा रडकुंडीला आला, "मरंल ती!"

"तुमचे धोंडे वाहून मला चालवत नाही. घोडी माझी आता."

"फितुराला कशापायी दिऊ?"

असा ओरडला तो, खिंड हादरली! "फितूर? दुष्काळात गावानं सारा दिला नाही म्हणून सरदार म्हणाला, खालचं गाव पेटव. तुमचंच गाव! मी नाही म्हणालो. त्यानं माझा घोडा हिसकावला, मला इथंच कापलं. आणि ज्यांची घरं वाचली ते तुम्ही, मलाच दगड मारता?"

बघा ना! डोकं फिरेल की नाही? माझं तर नुसतं ऐकून फिरलं!

पण मामाचंही फिरलं. मैनाच्या तोंडाला फेस आलेला. भीती गेली खड्ड्यात, सरळ बोट नाचवत म्हणाला, "आरं मग लाज न्हाई वाटत? त्यानं तुजा घोडा हिसकावला, तू माजी घोडी हिसकावतोस! तुज्यात नि त्याच्यात फरक काय ऱ्हायला रं?"

 

मग खडखड, खडखड... तो उतरला. मैना उसळली, मामानं लगाम मनगटाला गुंडाळला आणि सुटले दोघं जीव घेऊन! मागून आवाज येत होता. ओरडण्याचा नाही रे. रडण्याचा.

नवरदेव वेळेत मारुतीला पोचला. मैनाच्या पाठीवर मात्र कड्यांचे वळ उठलेले, मी हात लावून बघितलेत.

मामा गावच्या बैठकीत उभा राहिला. म्हणाला, "दगड थांबवा, ढीग उपसा, त्यानं गाव वाचवलंय." तर सरपंच काय म्हणावा? "गुणाजी, परंपरा हाय ती. आन् तुला सांगितलं कुणी, भुतानं?" सगळे हसले, लेकाचे! ढीग अजून वाढतोय.

म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेला जायचं नाही. कध्धीच नाही. तो वाईट आहे म्हणून नाही, अजिबात नाही! पण दर धोंड्यानं तो जड होत चाललाय. पुढच्या वेळी कुणी कितीही खरं बोललं, त्याला स्वतःला कितीही वाटलं, तरी त्याला उतरताच येणार नाही.