त्रेपन्न कोऱ्या जागा

(स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप उघडा. बाबा कोपऱ्यात शर्टांना इस्त्री करताहेत. पाचला वीस मिनिटं कमी.)

लेक : …आणि पाच वाजता ही जागा दुसऱ्याला जाणार. मी 'स्वीकारा' दाबतेय.

आई : बोट उचल.

लेक : अगं, वीसच मिनिटं राहिलीत!

आई : वीस मिनिटं राहिली म्हणून दिसेल त्याच्या गळ्यात माळ घालू का?

लेक : कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळतोय, आई. तुझ्या वयाला.

आई : माझ्या वयाला काय झालं?

लेक : सेहेचाळीस झालं.

आई : माहितीय. जन्मापासून मोजतेय मी.

बाबा : घे गं जागा. नाहीतर पुन्हा सगळे म्हणतील, माझ्यामुळे राहिलं.

आई : तुम्ही कॉलरकडे बघा. जळेल.

लेक : त्या कॉलेजात एवढं वाईट काय आहे?

आई : परवा कोर्टातून परस्पर जाऊन आले. वाचनालयाला कुलूप. वर्गात बाकांवर बाकं रचलेली. कारकून म्हणतो, "बाई, तुम्ही नोकरदार. परीक्षेपुरत्या या, बाकीचं आम्ही बघतो."

लेक : मग सोयीचंच की! पदवी तीच, कोटही तोच.

आई : बावीस वर्षं जजसाहेबांच्या पायथ्याशी बसून त्या कोटवाल्यांचं बोलणं लिहून घेतेय मी. कोण शिकून आलाय आणि कोणी नुसता कोट शिवलाय, ते तिसऱ्या वाक्याला कळतं. मला नाही नुसता कोट शिवायचा. कोर्टामागच्या कॉलेजात जायचंय, जिथं शिकवतात.

लेक : तिथं नव्वद लागतात. तुला प्रवेश परीक्षेत चौसष्ट आहेत.

आई : सदुसष्ट सोडवले, त्यातले चौसष्ट बरोबर. हे कोणी बोलत नाही.

लेक : एकशे वीसपैकी! त्रेपन्न जागा कोऱ्या. आणि का, ते विचारलं की तू भाजी चिरायला घेतेस. मी वर्षभर सराव घेतला तुझा. घरी शंभरच्या खाली येत नव्हतीस.

आई : हसशील.

लेक : नाही हसत.

आई : घरी तू प्रश्न वाचायचीस आणि माझे हात भांड्यांत असायचे. तिथं हातात पेन्सिल, पुढ्यात कोरा कागद, समोर उंच खुर्चीवर पर्यवेक्षक. हात आपोआप चालू झाला. पहिला उतारा लघुलिपीत उतरवून काढला. मग दुसरा.

लेक : लिहून घेतलास? छापील उतारा?

आई : शब्दन् शब्द. प्रश्न त्यानंतर. कच्चा कागद चारदा मागितला. शेजारच्या पोरीला वाटलं, काय बाई हुशार आहे ही!

बाबा : खरं आहे. झोपेत माझ्या पाठीवरही लिहिते.

लेक : बाबा, तुम्ही नका हसवू. मला राग आलाय. आई, तू परत 'पुढच्या वर्षी' म्हणतेयस. मी पोटात होते तेव्हा पुढच्या वर्षी. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा पुढच्या वर्षी. बाबांची बदली झाली तेव्हा पुढच्या वर्षी. तू घाबरतेयस.

आई : घाबरतेच. पण एक ऐक. तेव्हा मी थांबले नव्हते, मला थांबवलं होतं. तू, तुझी आजी, आणि ते इस्त्रीवालेही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण विचारलंही नव्हतं कुणी. हे वर्ष माझ्यावर कुणी लादलेलं नाही. मी घेतेय.

बाबा : विचारायला हवं होतं मी.

आई : हवं होतं. आता ती इस्त्री बंद करा, कॉलर गेली.

लेक : आणि पुढच्या वर्षीही नव्वद नाही आले तर?

आई : तर रडेन दोन दिवस आणि पुन्हा बसेन. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. माझं पहिलं वाक्य बोलायला मी उसनी पदवी नाही घेणार.

लेक : पाचला चार मिनिटं.

आई : सरक. 'नाकारा' कुठंय? हे? …झालं?

लेक : झालं.

आई : एवढंच? जन्मात पहिल्यांदा ठणकावून नाही म्हटलं आणि टिकसुद्धा वाजलं नाही.

लेक : ती पेन्सिल दे इकडे. केसांत खोवलेलीही दे. हात मांडीवर. आजपासून रोज असंच. वाचतेय. "भाडेकरूनं घर सोडण्याआधी मालकाला लेखी कळवलं पाहिजे. मात्र मालकानंच दुरुस्ती टाळली असेल, तर…"

आई : वाच की. थांबलीस का?

लेक : आई, तुझं बोट.

आई : काय झालं बोटाला?

लेक : मांडीवर लिहितंय.

आई : …लिहू दे आजचा दिवस. वर्ष आहे माझ्याकडे. पुढं वाच.