म्बाह साकिनेमचा तरुण गळा

हॅलो?… कोण?… अय्या, म्बाह साकिनेम! आजी, तुम्ही? मी रेत्नोच, चॅनलवाली… पाहिला ना व्हिडिओ?

काय?… तुमचा आवाज नाही? अहो, तुमचाच आहे. कॉम्प्युटरने जरा तरुण केलाय… जरा म्हणजे… बरं बाई, सगळाच बदललाय! चेहरा तुमचा, गळा कॉम्प्युटरचा. लोक ढसाढसा रडतायत बघून.

हो… हो… अंगणात पडदा लावून गावाला दाखवलात? मेजवानीला पिवळ्या भाताचा डोंगरही रचलात? मग छानच की!… हसले? का?… 'म्हातारी दुसरीचं गाणं स्वतःचं म्हणून मिरवते'… म्हणू दे हो. उभी हयात गमेलानच्या वाद्यमेळाबरोबर गायलात, आता थोडं ऐकूनही घ्या.

नाही, नाही… अहो ऐका ना! मी विचारलं होतं, आवाज बदलला तर चालेल का म्हणून. कॅमेऱ्यासमोर. तुम्ही हात जोडून 'इंग्गिह, इंग्गिह', होय होय, म्हणालात… हो, माहितीये. आपल्या जावा बेटावर पाहुण्याला तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? मनात नसलं तरी 'इंग्गिह' म्हणून मोकळं व्हायचं. मी काय परदेशातून आलेय? तेव्हाच कळलं होतं मला… मग काय? वकिलाला मन दिसत नाही, म्बाह. व्हिडिओ दिसतो.

मूळ रेकॉर्डिंग? ते कशाला आता?… घशाचं ऑपरेशन? उद्याच?… आवाज जाणार? कायमचा?… अरेरे… हो, कळलं, पणती तान्ही आहे, मोठी झाली की तिला ऐकवायला… पण ते पुसलं हो. जागा किती खातं! फक्त 'इंग्गिह'चा तुकडा ठेवलाय, तो लागतो आम्हाला. पाठवू तो?

अहो, रडता काय! उलट बरंच आहे. तुम्ही मुक्या झालात तरी आमचं अडणार नाही… निर्दयी? मी? व्हिडिओचा विषय काय होता, विसरलात? 'घरातल्या म्हाताऱ्यांचं ऐका.' बक्षीस मिळालंय त्याला!

हॅलो?… म्बाह?… हे काय, गाताय? फोनवर?… मी रेकॉर्ड करू? आत्ता?… तुमच्याकडे कुणाला जमत नाही, ते ठीक आहे, पण… अहो, खोकला येतोय तुम्हाला… हो, येतंय ऐकू… लागला, सूर लागला… म्बाह, पुरे. माझी मीटिंग आहे… नाही केलं रेकॉर्ड… नको, परत पहिल्यापासून नको. ऑपरेशन चांगलं होऊ दे. आणि नातसुनेला सांगा, चॅनलला लाइक करायला. ठेवते.