'मारतायत' म्हणजे किती जण

नाव: साक्षीदाराच्या विनंतीवरून बंद पाकिटात. खेळातलं टोपणनाव 'मावशी'. वय ४६ वर्षे. धंदा: दातांच्या कवळ्या बनवणे. राहणार: कामाच्या जागेच्या वरचा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मी दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर ऑनलाइन सामने खेळते. या वयात का, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आमचा तिघांचा संघ आहे. मी, 'वकील' आणि 'मुंगी'. वकील हा वकील नाही, सारखा वाद घालतो म्हणून ते नाव. मुंगी विवाहित असून वय अंदाजे तीस. तिला मी आजपर्यंत पाहिलेलं नव्हतं, नुसतं कानात ऐकलेलं.

खेळासोबत आम्ही 'सोबती' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर चालवतो. आपल्यातलं कोण कुठे उभं आहे, कोणाचं रक्त किती उरलंय, शत्रू जवळ आलाय का, हे ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवतं. बटण दाबलं की मागच्या काही मिनिटांचं चित्र आणि आवाज साठवून ठेवतं. ही लबाडी नाही, स्पर्धेत चालतं.

आज दुपारी तीनच्या सुमारास सामना ऐन रंगात असताना मुंगी ओरडली, "मारतायत मला! मावशी, मारतायत!" शत्रू एकटा असला की आम्ही 'मारतोय' म्हणतो. मारतायत म्हणजे बरेच जण, असं मी धरलं. मी म्हटलं, "किती जण ते सांग ना, नुसती बोंबलतेस काय!" वकील म्हणाला, "हिचं नेहमीचंच. एक आला तरी पलटण आली म्हणते." मी हसले. माझं हसणं रेकॉर्डिंगमध्ये आहे.

मी 'सोबती'त पाहिलं. मुंगीचं रक्त पूर्ण होतं. आसपास एकही शत्रू नव्हता. तिचा गडी उघड्या मैदानात नुसता उभा होता. नेट अडकलं असेल म्हणून मी तिच्यावर आणखी डाफरणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, नको ना. अहो, डोक्यात नको."

शत्रूला कोणी अहो म्हणत नाही. मारणारे बरेच नव्हते. एकच होता, आणि मार खातानाही ती त्याला मान देऊन बोलत होती.

मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुरुषाचा आवाज, "ताई, तिचं नेट गेलंय. खेळा तुम्ही." अगदी गोड बोलला, मेला. त्याला संशय येऊ नये म्हणून मी "बरं भाऊ" म्हटलं आणि बटण दाबलं. रेकॉर्डिंग सोबत दिलं आहे.

तिचा पत्ता माझ्याकडे होता. मागे तिचं मनगट दुखत होतं, तेव्हा मी कुरियरने पट्टा पाठवला होता. खेळून दुखतं, असं ती म्हणाली होती.

वकिलाला पोलिसांना फोन करायला सांगून मी स्कूटरने गेले. दार नवऱ्याने उघडलं. आतली फरशी नुकती पुसलेली, ओली होती. "पाय घसरला हिचा," तो म्हणाला. मी त्याला ढकलून आत गेले. तशी तक्रार त्याने माझ्यावर केली आहे, ती खरी आहे.

मुंगी डोक्याला टॉवेल धरून पलंगाच्या कडेला बसली होती. मी म्हटलं, "मावशी आहे गं मी." तिने माझा हात घट्ट धरला. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "घसरले मी."

ती आता दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे. तुमचे लोक तिचा जबाब घ्यायला पोचलेत आणि नवरा तिच्या कॉटला चिकटून बसलाय, असं तिथे पोचलेल्या वकिलाने आत्ताच फोनवर सांगितलं. नवरा समोर असेल तोवर ती 'घसरले'च म्हणेल. तुम्ही तेच लिहून घ्याल, आणि रात्री ती त्याच्याबरोबर घरी जाईल. आधी त्याला बाहेर काढा, मग तिला विचारा.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे, कुठे खाडाखोड नाही. सही केली. आता फोन लावा साहेब, उठवा त्याला तिथून.