चालनारा पाहिजे!

नाही, तुमीच सांगा मले! घरात चांगला चालता टीव्ही होता, संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी पाहत बसो, अन् आमच्या ह्यायनं तो खोलून ठेवला... काहून, तं म्हने कॉम्प्युटरले पडदा पाहिजे! अन् कॉम्प्युटर तरी असली? नाही, नक्कल! अन् चालते का? कायचा चालते!

आमचे हे म्हंजे गजेंद्रराव, राजापेठेत कॉम्प्युटरचा क्लास आहे यायचा. लहानपनी मूर्तिजापूरच्या शाळेत गयासुद्दीन सरायपाशी एक कॉम्प्युटर होता, टीव्हीले जोडाचा, टेपरेकॉर्डरची कॅसेट लावून चालवाचा. पुढं शाळेनं भंगारात देला. आता सरायचे डोये गेले, अन् फोनवर म्हने, "बेटा, मराच्या आधी एकदा त्याच्या बटना चाचपू दे." झालं! यायच्या अंगातच आलं! तसा कुठंच भेटत नाही, तं म्हने मीच बनवतो!

अवो, कापसाले भाव नाही म्हनून क्लासात पोट्टे येऊन नाही राहिले, अन् हे दिल्लीहून जुने पुर्जे मागवून राहिले! आले ते भलत्याच मशीनचे. तरी जोडले. चालते का? धूर निघाला! प्लास्टिकच्या पेटीसाठी कारखानेवाल्याले विचारलं, तं तो म्हने, "एकच नग? भाऊ, हजार घेता काय?" हजार! एका सरासाठी!

मंग सागवानी पेटी ठरली, वर बटना बी लाकडाच्याच. तान्ह्या पोळ्याले लेकरं ओढतात ते लाकडी बैल बनवतात ना, ते नईमभाई, त्यायले यायनं फोटो देला अन् बजावलं, "शोभेचा नको बरं! चालनारा पाहिजे!" नईमभाई म्हने, "फिकर मत करो, ऐसा चलेंगा के देखते रह जाओगे!"

ठरल्या दिवशी सर येऊन ओसरीत बसले, अन् तवाच नईमभाई पेटी घेऊन हजर. मी पाहिलं तं... अवो माय! खाली चार चाकं! लाल रंगाची! समोर दोरीसाठी कडी! हे तं पांढरेफटक पडले. "नईमभाई, हे काय केलं?" "काय म्हंजे? चालनारा पाहिजे म्हने ना? बैलाले बी हेच लावतो मी!"

लपवावं तं सरायचे हात पेटीवर आले बी! "क्यू... डब्ल्यू... ई..." बोटं एक एक बटन चाचपून राहिले. "बिलकुल तोच रे, बेटा!" मंग हात खाली सरकला... चाकापाशी थांबला. सरायनं हयूच लोटलं, तं गडगड गडगड... पेटी पार उंबऱ्यापर्यंत!

सर पोट धरून हासाले लागले. "गजेंद्र! आपला असली तं कधी चाललाच नाही! मी रोज म्हनो, उद्या चालन, उद्या चालन... अन् हा तं चालते रे!"

म्हंजे? असली बी चालत नव्हता? मी यायच्याकडं पाहिलं. हे डोये पुसता पुसता खाली पाहून राहिले. मंग माहा टीव्ही कायले खोलला होता वो?

तं सर मलेच म्हनतात, "बेटी, जरा दोरी तं आन."

आता काय करता? आनली दोरी!